काट्यावर न येणारा माल

आत्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झाली. हातात किरणं मोजायचा मीटर घेऊन फिरायचं, कोण कुठे किती वेळ उभा आहे ते पाहायचं आणि वेळ भरली की त्याला बाहेर काढायचं, हे काम तिनं नोकरीभर केलं. माझ्या थोरल्या भावाचा, शिरीषदादाचा, कुर्ल्याला भंगाराचा धंदा आहे. दादा आत्याचा लाडका भाचा, पण तिच्या खात्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही आणि त्याच्या धंद्यावर तिचा नाही. या वेळी निमित्त झालं ते कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्याच्या सामानाचा लॉट दादाच्या गाळ्यात आला त्याचं. त्यात गंजलेल्या खाटांखेरीज काही निघालं नाही. किरणांचा विषय मात्र निघाला तो निघालाच. मी बहुतेक ऐकतच होते. राहवलं नाही तिथे कंसात बोलले आहे.

दादा: आत्या, आडवळण नको. दिल्लीच्या मायापुरीत झालं ते माझ्या गाळ्यात होईल की नाही?

आत्या: होऊ शकतं. समोर येईल ते तुम्ही लोक कापता.

दादा: म्हणजे दोष भंगारवाल्याचा. अगं, मायापुरीच्या माणसानं काय चोरी केली होती? 2010 सालच्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठानं लिलाव काढला. त्यात रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र होतं, 1985 पासून बंद पडलेलं. रीतसर माल उचलला. आत शिसं दिसलं म्हणून कापला. शिसं दिसल्यावर कोण कापणार नाही? आत कोबाल्ट-60 च्या कांड्या आहेत हे विकणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही, मग हातोडा मारणाऱ्या पोराच्या कसं यावं? एक कामगार गेला, बाकीचे महिनोन्‌महिने आजारी. एकानं तर त्यातला तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला होता.

आत्या: ते पाकीटच घे. खिशातलं पाकीट अंगापासून किती लांब असतं? कापडाच्या जाडीएवढं. किरणांचा हिशेब अंतराच्या वर्गाने चालतो. एका सेंटिमीटरवर जेवढा मार बसतो त्याचा दहा हजारावा हिस्सा मीटरभर अंतरावर बसतो. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीनच गोष्टी घोकायला लावतात: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसं. मायापुरीत आधी शिसं काढलं, मग अंतर मिटवलं, आणि वेळ तर दिवसचे दिवस दिला.

दादा: घोकायला त्यांना तरी कुणी बसवलं होतं? बरं, त्यातून बाहेर पडतं ते काय? बंद यंत्र, वीज नाही, तेल नाही, आणि पंचवीस वर्षं आतून चालूच?

आत्या: यंत्र बंद होतं, कोबाल्ट चालू होता. त्याला बटण नसतं. साध्या कोबाल्टच्या अणुकेंद्रात 59 कण असतात आणि ते सुखाने नांदतात. अणुभट्टीत त्यात एक न्यूट्रॉन घुसवला की 60 होतात, आणि ती जुळणी टिकत नाही. केंद्र कधीतरी मोडतं. मोडताना एक बीटा कण फेकतं, पाठोपाठ दोन गॅमा किरण सोडतं आणि निकेल होऊन स्वस्थ बसतं.

दादा: कधीतरी म्हणजे कधी?

आत्या: एका केंद्राबद्दल ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आत्ता मोडेल, शंभर वर्षं मोडणार नाही. पण अब्जावधी केंद्रं एकत्र असली की हिशेब पक्का: सव्वापाच वर्षांत निम्मी मोडतात. उरलेल्यांतली निम्मी पुढच्या सव्वापाच वर्षांत. ते यंत्र तेव्हा साधारण चाळीस वर्षं जुनं होतं, म्हणजे मूळ मालाचा दोनशेवा हिस्सा उरला होता.

दादा: दोनशेव्या हिश्श्यात माणूस मेला.

आत्या: हो.

दादा: आणि भट्टीत टाकलं तर? आमच्याकडे सगळ्याचा शेवट भट्टीतच होतो.

आत्या: भट्टीत कोबाल्ट वितळेल, केंद्राला झळ लागणार नाही. आगीचा, ॲसिडचा सगळा खेळ अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी. जाळ, गोठव, घाव घाल, सव्वापाच वर्षांची सव्वापाचच राहतात. उलट भट्टीत ते सगळ्या पोलादात मिसळून गावोगाव जातं. मेक्सिकोत सिउदाद हुआरेसला हेच झालं. 1983 च्या डिसेंबरात कॅन्सरच्या उपचाराचं एक यंत्र भंगारात गेलं. त्यातल्या कोबाल्टच्या बारीक गोळ्या इतर भंगारात सांडल्या आणि त्या भंगारातून बांधकामाच्या सळया अन् टेबलांचे पाय ओतले गेले. पत्ता लागला तो कसा? सळया भरलेला एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेकडे वाट चुकून वळला आणि तिथल्या किरणमापक यंत्रानं बोंब ठोकली. तोवर कित्येक सळया भिंतींत गेल्या होत्या. पुढे घरं पाडावी लागली.

दादा: ट्रक वाट चुकला म्हणून कळलं. वा.

आत्या: तुला हसायचं असेल तर आपल्याकडचंही ऐक. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडला. माग काढत गेले तर पोलाद महाराष्ट्रातल्या एका ओतशाळेतलं निघालं. भंगारातून आलेलं. बटणं हाताळणाऱ्या तिथल्या वीसेक कामगारांना किरणं लागली. दुखापत व्हावी इतकी नाही, पण लागायला नको होती.

(दादा यावर थोडा वेळ बोलला नाही. ओतशाळांना माल घालणारे निम्मे लोक त्याच्या ओळखीचे आहेत.)

दादा: पण लागतात म्हणजे काय होतं? गॅस कटरची ज्योत हाताला लागली तर चटका बसतो, हात आपोआप मागे येतो.

आत्या: इथे हात मागे येत नाही, सगळी गोम तिथे आहे. साऱ्या अंगाला चार-पाच ग्रे मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. त्यातली ऊर्जा किती, तर गरम चहाचा एक घोट पोटात गेल्यावर मिळते तेवढी. अंगाचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या हिश्श्यानं वाढतं. कातडीला काय कळणार?

दादा: घोटभर चहानं माणूस मरतो?

आत्या: चहाची ऊब सगळीकडे सारखी पसरते, कुठल्याच रेणूच्या वाट्याला विशेष येत नाही. गॅमा किरण वाटेतल्या एखाद्या अणूचा इलेक्ट्रॉन उडवतो, तो सुसाट सुटतो आणि जाताना आणखी अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो. सगळा घाव चिमूटभर जागेत. पेशीत बहुतेक पाणीच असतं. त्या पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यांचे तुकडे जवळ जे असेल त्याच्याशी झोंबतात. जवळ डीएनए असला तर तो तुटतो. त्याची एक बाजू तुटली तर पेशी दुसऱ्या बाजूवरून पाहून सांधते. ते काम एरवीही अंगात रात्रंदिवस चाललेलं असतं. दोन्ही बाजू शेजारी शेजारी तुटल्या की मात्र सांधताना घोटाळा होतो. अशी बिघडलेली पेशी बहुधा लगेच मरत नाही. विभागायला जाते तेव्हा मरते.

दादा: म्हणून उशीर.

आत्या: म्हणून उशीर. आणि म्हणूनच ज्या पेशी सारख्या विभागत असतात त्यांना पहिला मार: रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. बर्गोनिये आणि ट्रिबोंदो या फ्रेंच डॉक्टरांनी 1906 सालीच हे लिहून ठेवलंय. कॅन्सरच्या पेशीही भराभर विभागतात, त्यामुळे त्याच कोबाल्टनं कॅन्सर जाळता येतो. आमच्या ट्रॉम्बेच्या लोकांनी बनवलेल्या उपचारयंत्राचं नाव भाभाट्रॉन. पहिलं खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात बसवलं. पण मी आजाराचं सांगत होते. मोठी मात्रा बसली की काही तासांत उलट्या होतात. मग थांबतात. माणसाला वाटतं, बरं झालं. तो कामावरही जातो. आत मात्र जुन्या रक्तपेशी संपत असतात आणि नव्या तयार होत नसतात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टर विचारतात, काही विशेष घडलं होतं का? आणि खरोखरच त्याला काही आठवत नाही.

दादा: आता मी सांगतो. ब्राझीलमधल्या गोयानियाची गोष्ट मी मुद्दाम मिळवून वाचली, कारण ती माझ्यासारख्याच माणसाची आहे. 1987 चा सप्टेंबर. एक खासगी दवाखाना जागा सोडून गेला आणि कॅन्सरचं यंत्र पडक्या इमारतीत तसंच राहिलं. दोघांनी यंत्राचं डोकं उचकटून घरी आणलं. दोघांना उलट्या झाल्या. त्यांना वाटलं, खाण्यातलं काही बाधलं. आतली डबी त्यांनी टोचून फोडली आणि सगळं भंगारवाल्याला विकलं. रात्री त्याला गाळ्यात निळा उजेड दिसला. आत्या, त्यानं काय केलं असेल? विकायला नाही काढलं ते. शेजारीपाजारी, सोयरेधायरे बघायला बोलावले. तांदळाच्या दाण्याएवढे कण माणसांना भेट दिले. कुणी ते कार्निव्हलची चमकी लावावी तसे अंगाला चोळले. त्याच्या भावानं थोडी पूड घरी नेली, आणि भावाची सहा वर्षांची पोर ती हाताळून त्याच हातांनी जेवली.

आत्या: सीझियम-137. मिठासारखं क्षारच ते. सगळं मिळून शंभर ग्रॅमसुद्धा नव्हतं. पाण्यात विरघळतं, घामट हाताला चिकटतं. दोन्ही गोष्टी तू एका मापानं मोजतोस, पण मायापुरीत मुख्यतः बाहेरून मार बसला. कोबाल्टचे गॅमा किरण बसलेला माणूस स्वतः किरण सोडायला लागत नाही, एक्स-रे काढून आलेला सोडत नाही तसाच. ते तुकडे उचलून शिशात बंद केले की जागेचा धोका गेला. गोयानियात पूड पोटात गेली. पोटात गेली की माणूस आगर बरोबर घेऊन फिरतो. आणि आपलं शरीर याबाबतीत अगदी भोळं. सीझियम त्याला पोटॅशियम वाटतं, म्हणून ते स्नायूंत नेऊन ठेवतं. स्ट्राँशियम आणि रेडियम त्याला कॅल्शियम वाटतात, ते हाडांत. आयोडीन तर हावरटासारखं गळ्यातल्या थायरॉइडमध्ये. अल्फा कण कातडीवरच्या मेलेल्या थरातच अडकतात, पण तेच श्वासाबरोबर फुफ्फुसात गेले तर त्यांच्याइतकं वाईट काही नाही. चेर्नोबिलनंतर इतक्या मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला तो बहुतांशी दुधातून पोटात गेलेल्या आयोडीन-131 मुळे. त्याचं अर्धायुष्य जेमतेम आठ दिवसांचं. काही आठवडे ते दूध पोरांना मिळालं नसतं तर पुष्कळ टळलं असतं.

दादा: दूध थांबवायला कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं ना? गोयानियाचं पुढचं ऐक. डॉक्टरांनी ओळखलं नाही. भंगारवाल्याच्या बायकोनं ओळखलं. आपल्या आसपासची सगळी माणसं एकदम आजारी पडतायत आणि ते या वस्तूपासूनच, हे तिनं ताडलं. माल तोवर दुसऱ्या गाळ्यावर विकला गेला होता. तिथे जाऊन तिनं तो परत मिळवला, पिशवीत भरला, एका पोऱ्याच्या खांद्यावर दिला आणि दोघं बसने आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गेली. यानंच माझी माणसं मरतायत, असं तिनं तिथल्या डॉक्टरला सांगितलं. ती वाचली नाही. ती लहान पोरही नाही, गाळ्यावर काम करणारी दोन मुलंही नाहीत.

आत्या: दुसऱ्या दिवशी मीटर आला. तो आणणारा एक भौतिकतज्ज्ञ होता, मीटरही उसना. दवाखाना बराच लांब असतानाच काटा शेवटच्या टोकाला जाऊन टेकला. मीटर कुठेही वळवला तरी काटा तिथेच. त्याला वाटलं, बिघडलाय. माघारी जाऊन त्यानं दुसरा आणला. त्याचाही काटा तिथेच टेकला. इकडे अग्निशमन दलाची माणसं ती पिशवी नदीत टाकायच्या बेतात होती. ते त्यानं थांबवलं.

दादा: म्हणजे तुमच्या माणसाचाही मीटरवर विश्वास नव्हता.

आत्या: होता, म्हणून दुसरा आणला. नसता तर घरी गेला असता.

(पिशवी घेऊन बसमध्ये बसलेली ती बाई मला आत्याच्या खात्यातली वाटते. हाताशी मीटर नसताना तिनं मोजणी केली. हे बोलले असते तर दोघंही माझ्यावर उलटली असती.)

आत्या: आणि त्यानंतर काय झालं तेही सांग ना. शहरातली एक लाख बारा हजार माणसं स्टेडियममध्ये तपासून घ्यायला आली. 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं. बाकीच्यांना काहीच नव्हतं, पण झोप त्यांचीही उडाली. त्या पोरीची शवपेटी शिशानं मढवलेली होती, तरी दफनाच्या वेळी लोकांनी दगड मारले. फुकुशिमाला 2011 साली घाईघाईनं माणसं हलवली. त्या हलवाहलवीत आणि नंतरच्या हालांत जी म्हातारी, आजारी माणसं गेली त्यांचा आकडा दोन हजारांवर आहे. किरणांनी तिथे तितकी माणसं मारलेली नाहीत. भीतीचा डोस मोजायला कुणाकडे मीटर नाही.

दादा: ती भीती कुठून येते? डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास नाही, काट्यावर वजन येत नाही. वाघ आला तर मी तुला विचारायला येणार नाही, पळेन. इथे मला दर वेळी तुला विचारावं लागणार, आणि तू सांगशील ते खरं मानावं लागणार. तुझ्या जागी दुसरा कुणी असला, त्याला वरून फोन आला की गप्प बस, तर?

आत्या: तर मीटर दुसऱ्याच्याही हातात असला पाहिजे. ते मी कधी नाकारलं? मी नाकारते ते किरण म्हटलं की अंगावर काटा आणणं. तुझ्या स्वतःच्या अंगात पोटॅशियम-40 आहे. दर सेकंदाला चार हजारांच्या वर केंद्रं तुझ्यात मोडतात. केळं खा की नको खाऊ.

दादा: हे केळ्याचं दर वेळी सांगतेस.

आत्या: कारण दर वेळी विसरतोस. जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला दोन-अडीच मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतेच; माती, आकाश, घरातला रेडॉन. केरळात करुनागप्पळ्ळीला किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. काही जागी नेहमीच्या कितीतरी पट किरण. तिथल्या जवळजवळ सत्तर हजार माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

दादा: मग गोयानियातही सांगायचं, केळी खा.

आत्या: मात्रा, शिरीष, मात्रा! करुनागप्पळ्ळीत मिलिसिव्हर्ट, तेही वर्षभर पसरलेले. गोयानियात त्याच्या हजारपट, काही दिवसांत. पसरून बसलं तर पेशीला सांधायला सवड मिळते. त्या भंगारवाल्याला स्वतःला बायकोपेक्षा जास्त मात्रा बसली होती आणि तो वाचला. तो बराच वेळ घराबाहेर असायचा, त्यामुळे त्याला मार तुकड्यातुकड्यांनी बसला, असं त्याचं कारण सांगतात.

दादा: ठीक. मोठी मात्रा, माणूस आजारी पडतो, दिसतो, मान्य. लहान मात्रेचं काय? तिथे तुम्ही लोक एकदम शक्यता, टक्के असं बोलायला लागता.

आत्या: कारण तिथे तसंच आहे. उलट्या, केस गळणं, रक्त कमी होणं यांना एक उंबरठा असतो. त्याखाली ते होतच नाही. कॅन्सरचा प्रकार वेगळा. चुकीची सांधलेली एखादी पेशी न मरता जगली आणि दहा-वीस वर्षांनी बेबंद वाढली, तर कॅन्सर. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांना आयुष्यभर तपासून हिशेब काढला: शंभर माणसांना प्रत्येकी एक सिव्हर्ट मिळालं तर पाचेक जण जास्तीचे कॅन्सरने जातील. शंभर मिलिसिव्हर्टच्या खाली ही रेघ सरळ उतरते की मध्येच बुडते, यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. सावधपणा म्हणून सरळ धरतात.

दादा: आणि ते पाच कोण?

आत्या: सांगता येत नाही. एरवीही त्या शंभरांतल्या बऱ्याच जणांना कॅन्सर व्हायचाच असतो. गाठीवर काही शिक्का नसतो.

दादा: म्हणजे माझ्याकडच्या पोऱ्याला वीस वर्षांनी झाला तर तो ज्याच्या मालामुळे झाला त्याच्या दारात मी जाऊ शकत नाही. तो म्हणेल, तंबाखू खात होतास. आत्या, इतकं सोयीचं विष दुसरं नाही. मारतं आणि अंगठा उठवत नाही.

आत्या: म्हणूनच तर आधी मोजायचं. नंतर सिद्ध करता येत नाही, म्हणून मर्यादा आधीच घालून ठेवायची. किरणांत काम करणाऱ्याला सरासरी वर्षाला वीस मिलिसिव्हर्ट, त्याच्या छातीला बिल्ला, बिल्ल्याची नोंद निवृत्तीनंतरही जपलेली. बाहेरच्या माणसाला, सामान्य जनतेला, एकच.

दादा: माझी पोरं कशात?

आत्या: सामान्य जनतेत.

दादा: शिशाची भांडी कापतात, आणि सामान्य जनता. छान.

(आत्या हे ऐकून चिडली नाही. चिडली ती पुढच्या वाक्यावर.)

दादा: आणि पिढ्यान्‌पिढ्या लुळीपांगळी मुलं जन्माला येतात ते वेगळंच.

आत्या: हे मात्र सिनेमातलं. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या हजारो मुलांना दशकानुदशकं तपासलंय. त्यांच्यात आनुवंशिक विकार वाढल्याचं आढळलेलं नाही. जी मुलं त्या दिवशी पोटात होती, विशेषतः आठ ते पंधरा आठवड्यांची, त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूची वाढ खुंटली. ते खरं, ते भयंकर, पण ते आनुवंशिक नव्हे. फळमाश्यांमध्ये किरणांनी पुढच्या पिढीत बदल होतात हे मुलर नावाच्या शास्त्रज्ञानं 1927 सालीच दाखवलं. पिकांमध्येही होतात. आमच्याकडे त्याचाच उपयोग करून भुईमुगाच्या जाती काढल्या. टीएजी-24 शेतकऱ्यांना विचार. हजारो रोपं टाकून द्यायची आणि एखादी कामाची ठेवायची. माणसाच्या बाबतीत असं कोण करणार?

दादा: आणि लासलगावचा कांदा?

आत्या: त्याला 2002 पासून तिथे कोबाल्टचे किरण देतात, मोड येऊ नयेत म्हणून. साठ ते नव्वद ग्रे.

दादा: थांब. माणूस पाच ग्रेमध्ये मरतो आणि कांदा नव्वदमध्ये विकायला येतो?

आत्या: काढून ठेवलेल्या कांद्याला जगून काय करायचंय? मोड फुटायचा तेवढाच कोंब वाढणाऱ्या पेशींचा, तो थांबतो. 2007 पासून अमेरिकेला आंबा जातो तो चारशे ग्रे घेऊन. आत किडा असला तर त्याची पैदास बंद. कीटक माणसापेक्षा कितीतरी चिवट. डायनोकॉकस नावाचा एक जिवाणू तर पाच हजार ग्रे पचवतो, कारण तुटलेला डीएनए पुन्हा जुळवायची त्याची हातोटी अजब आहे. सस्तन प्राणी या पंगतीत अगदी नाजूक. झाडांतही पाइन नाजूक. चेर्नोबिलजवळचं पाइनचं रान महिन्याभरात तांबडं पडून मेलं, बर्च तगले.

दादा: आणि आता तिथे लांडगे माजलेत म्हणे. मग?

आत्या: मग काही नाही. माणूस निघून गेला, शिकार थांबली, लांडगे वाढले. लांडग्यांचा कळप मोजतात. एखादा लांडगा कॅन्सरने मेला तर त्याची नोंद कुणी ठेवत नाही. माणसांत आपण एकेक मोजतो. त्यामुळे लांडग्यांवरून कुणी मला किरण निरुपद्रवी आहेत असं सांगायला आला तर त्यालाही मी चहा देत नाही.

दादा: बरं, उद्या माझ्याकडे आलाच असा माल, तर ओळखायचा कसा? ते तीन पात्यांचं चिन्ह मला माहीत आहे. माझ्या पोरांना दाखवलं तर म्हणाले, पंख्याच्या कंपनीचं दिसतंय.

आत्या: तुझ्या पोरांचं काही चुकलं नाही. ते चिन्ह 1946 साली बर्कलीच्या प्रयोगशाळेत तिथल्याच माणसांसाठी काढलेलं. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं अकरा देशांत, भारतातही, लोकांना वेगवेगळी चिन्हं दाखवून पाहिलं आणि 2007 साली नवं आणलं: लाल त्रिकोण, वर किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या आतल्या बाजूला लावायचं, म्हणजे कुणी उघडायला घेतलं तरच दिसेल.

दादा: कापणाऱ्यासाठी. इतक्या वर्षांनी एक चिन्ह आमच्यासाठी काढलं.

आत्या: काढलं खरं.

दादा: आणि मायापुरीचं यंत्र किती सालचं होतं म्हणालीस?

(आत्यानं यावर उत्तर दिलं नाही. तेव्हाच चाळीस वर्षं जुन्या असलेल्या यंत्राच्या पोटात 2007 चं चिन्ह असणार नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती.)

आत्या: चिन्ह नसलं तरी खुणा असतात. आकाराच्या मानानं अचाट जड भांडं, शिशाचा जाड थर, मध्ये लहानशी पोकळी किंवा बुचासारखी डबी, दवाखाना, कारखाना किंवा प्रयोगशाळेतून आलेला लॉट. असं दिसलं की कापायचं नाही. सगळ्यांना लांब करायचं, चाळीस-पन्नास पावलं, आणि पोलिसांना आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं. ऑफिस इथेच अणुशक्तीनगरला आहे. किरणस्रोत निकामी झाला की तो परत पाठवायची जबाबदारी कायद्यानं ज्याच्याकडे परवाना आहे त्याची.

दादा: ज्यानं लिलाव काढला त्याची. पण लिलावाची पावती माझ्या नावावर फाटली की माल माझा. पोलीस आले की गाळ्याला टाळं माझ्या. शिशाचे पैसे मी आधीच मोजलेले. म्हणून कळवायच्या ऐवजी लोक काय करतात माहीत आहे? रात्री टेम्पोत घालून दुसऱ्याच्या गाळ्यावर.

आत्या: तू करशील?

दादा: मी लोकांचं सांगतोय. तू मला एवढंच सांग, तो मीटर मिळतो कुठे? आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणांत मिळून एक घेतला तर?

आत्या: मिळतो की. गॅमाचा साधा मीटर बाजारात मिळतो. लॉट उतरवायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. रोजचा आकडा वहीत लिहायचा, म्हणजे एखाद्या दिवशी वाढला तर नजरेला येईल. फक्त तो ठरावीक मुदतीनं प्रयोगशाळेत नेऊन पारखून आणावा लागतो. नाहीतर काटा दाखवतो ते खरं की खोटं, कोण सांगणार?

दादा: म्हणजे फिरून तुमच्याच दारात.

आत्या: तुझा वजनकाटा पारखायला सरकारी माणूस येतो ना दरवर्षी? त्याला दारात उभा करतोसच की.

दादा: त्याचं मला विचारू नकोस. त्याला मी काय देतो तेही विचारू नकोस. पण एक सांग, मुलांना शिकवायला कोण येईल? पत्रक नको, त्यांना वाचायला येत नाही. माणूस पाहिजे.

आत्या: रविवारी गाळा उघडा असतो का?